एक माणूस कमी

आमच्या लग्नाच्या परतीची गाडी लपटनांनी चुकवली. म्हणजे गाडी वेळेवर सुटली, वऱ्हाडी मंडळी वेळेवर गेली, नवी नवरी म्हणून मीही गेले. मागे राहिले ते नवरदेव. अकोल्याला डब्यात बसल्यावर त्यांनी माणसं मोजली, एक कमी भरला, आणि खांद्यावरचा शेला माझ्या पदराशी बांधलेल्या गाठीसकट त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. "येतोच," म्हणाले आणि उतरले. बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही पुढच्या गाडीची वाट पाहत बसलो, तेव्हा येणारीजाणारी प्रत्येक बाई मला विचारत होती, "नवरदेव कोठी हाये व?" पुढच्या गाडीनं ते उतरले. सोबत एक दूरचे मामा, आणि मामांच्या हातात पेरूंची पिशवी. पेरू घ्यायला मामा स्टेशनबाहेर गेले होते.

"पाह्य, होते ना मांगं?" लपटन मला म्हणाले. लग्नानंतर त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं पुरं वाक्य.

मामा खरोखरच मागे राहिले होते, हीच तर अडचण. जत्रेला, लग्नाला, मळ्यात, कुठूनही निघताना लपटन सगळ्यांत शेवटी निघायचे, माणसं मोजायचे आणि कोणीतरी कमी आहे असं ठरवून परत जायचे. दहापैकी नऊ वेळा कोणी राहिलेलं नसायचं. दहाव्या वेळी एखादी म्हातारी देवळाच्या पायरीवर चप्पल शोधत सापडायची, आणि त्या एका वेळेच्या बळावर ते पुढच्या नऊ वेळा आम्हाला ताटकळत ठेवायचे. अशी माणसं तुमच्याही घरात असतील. ती चुकली तर एकदाच त्रास देतात, बरोबर निघाली की जन्मभर देतात.

लपटन म्हणजे माझे यजमान. आमच्या वेळी बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे, आणि लिहिताना नुसतं 'हे' म्हटलं की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून मी लोकांनी दिलेलं नावच वापरते. ते लेफ्टनंट झाले तेव्हा परतवाड्याकडच्या आमच्या मळ्यातल्या गड्यांनी त्याचं लपटन केलं. पुढे ते कॅप्टन झाले, पण ते गड्यांनी मनावर घेतलं नाही.

माझे सासरे संत्र्यांचे बागायतदार. बाग परतवाड्याच्या वाटेवर, राहणं अमरावतीत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, महायुद्ध पेटलं होतं आणि सरकारला शिकलेले तरुण अधिकारी म्हणून हवे होते. लपटन बी.ए. झालेले. त्यांनी अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली, आणि मग एका सकाळी संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकता ठोकता वडिलांना सांगितलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हातोडी खाली ठेवली.

"आधी सांगाचं नाही का बे?"

"आधी सांगतलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं. मंग मले तुमचं मोडा लागलं असतं."

मामंजींनी पुन्हा हातोडी उचलली. आमचं लग्न त्यानंतर, प्रशिक्षण संपल्यावरच्या रजेत झालं. सगळ्या रजा मिळून आमचा संसार सात महिने आणि काही दिवसांचा. दिवस किती ते मला ठाऊक आहे, पण ते माझ्याजवळच राहू द्या.

माझे वडील अकोल्याला हेडमास्तर. आमच्या घरी भिंतीला खिळा आणि खिळ्याला आठवड्याच्या कामांची यादी असायची. काम झालं की त्यावर रेघ मारायची. अशा घरातून मी 'होऊन जाते' या घरात आले. लपटनांना कशाचीही आठवण करून द्या, उत्तर एकच: "होऊन जाते ना अवं, काहून घाबरतं?" पहिल्यांदा ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाले तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवली. चौतीस वस्तू, प्रत्येकीपुढे जागा. पुढच्या रजेत ट्रंक उघडली तर वस्तू अकरा आणि यादी गायब. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी कुठल्याशा डोंगराचा नकाशा काढला होता.

"तुह्या यादीचा कागद मजबूत होता," ते कौतुकानं म्हणाले.

"आणि बाकीच्या तेवीस वस्तू?"

"कोनाले तरी लागल्या असन."

त्यांची पत्रं हा वेगळाच छळ. कागदाच्या दोन्ही बाजू भरून, मग समासात, मग उभ्या ओळींवर आडव्या ओळी, तारीख कुठेच नाही. त्यांत सगळ्यांची खबर असे. कोणत्या शिपायाची दाढ दुखते, कोणाच्या घरी म्हैस व्याली, आमच्या बागेतल्या विहिरीजवळच्या चौथ्या झाडाला खत घातलं का. स्वतःची खबर सोडून सगळं. एकदा त्यांच्या वरिष्ठांचं मामंजींना पत्र आलं. पुरात सापडलेल्या दोन जखमी शिपायांना आपल्या मुलानं शत्रूच्या माऱ्यातून, एकेकाला पाठीवर घेऊन, दोन खेपांत नदीपार आणलं, असा त्यात मजकूर. मामंजींनी ते पत्र अर्ध्या अमरावतीला वाचून दाखवलं. मी लगबगीनं लपटनांचं, टपालाच्या शिक्क्यावरून त्याच आठवड्याचं ठरणारं, पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं, 'इथे एक नदी आहे. पाणी फार थंड आहे. लोकरीचे मोजे पाठव.'

मी मोजे पाठवले. सोबत खरमरीत पत्रही पाठवलं की नदीबद्दल आणखी काही सांगण्यासारखं असेल तर सांगावं. उत्तर आलं, 'नदी रुंद आहे.'

त्यांच्या पलटणीत आपल्याकडचे शिपाई बरेच. त्यांतला कोणी रजेवर निघाला की लपटन त्याला आमचा पत्ता देत आणि बजावत, "अमरावतीले उतरून माह्या घरी जेवूनच पुढं जाजो." आम्हाला आधी कळवण्याचा प्रश्नच नव्हता. चुलीवरचं भांडं उतरावं आणि दारात बुटांचा आवाज यावा, असं वर्षभर चाललं. सासूबाईंना त्यात आनंद. त्या पदर खोचून पुन्हा पिठाला हात घालायच्या. वैताग माझाच. शेवटी मी एक वही केली: कोण आला, गाव कोणतं, केव्हा आला. निदान महिन्याला किती जेवणारे धरायचे याचा अंदाज यावा म्हणून. लपटनांनी रजेवर आल्यावर ती वही पाहिली आणि पोट धरून हसले. "सरकारजवळबी येवढा पक्का कागद नसन," म्हणाले.

त्याच रजेत त्यांनी मला संत्री मोजायला शिकवलं. आमच्याकडे संत्री पाच-पाचनं मोजतात. एका हातात तीन, एका हातात दोन, अशी वीस वेळा टाकली की शेकडा. शेकडा झाला की एक फळ बाजूला काढून ठेवायचं, ते खुणेचं. शेवटी खुणेची फळं मोजली की किती शेकडे झाले ते कळतं. खुणेचं फळ मात्र शेकड्यात धरत नाहीत, ते वरचं. लपटनांनी हीच रीत पलटणीत नेली होती. माणसं पाच-पाच करून बसवायची, एक माणूस खूण म्हणून बाजूला उभा करायचा आणि शेवटी त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "अन् मी!"

"पन त्याले म्हनाची याद पाह्यजे," मळ्यातला म्हातारा गडी म्हणाला.

"राह्यते याद. होऊन जाते," लपटन म्हणाले.

मी तेव्हाच म्हटलं होतं की मोजणी अशी असावी जिच्यात कोणाला काही म्हणायची गरज पडू नये. माझं कोण ऐकणार? दोन दिवसांनी ते गेले. स्टेशनवर आम्ही पाचजण त्यांना पोहोचवायला गेलो होतो, आणि गाडी हलेपर्यंत ते दारात उभं राहून आम्हालाच मोजत होते.

पावसाळा संपता संपता तार आली. कॅप्टन अमुक अमुक बेपत्ता.

ज्यांनी ती तार कधी घेतली नाही त्यांना त्या शब्दाची करामत सांगते. मेलेल्या माणसाचं काय करायचं ते घराला माहीत असतं, जिवंत माणसाचंही असतं. बेपत्ता माणसाचं काय करायचं ते कोणालाच माहीत नसतं. सासूबाईंनी त्यांचं ताट रोज मांडायला सुरुवात केली. सहा महिन्यांनी दुसरा कागद आला, त्यात 'मृत समजण्यात येते' असं होतं. मामंजींनी वाचून दाखवलं. सासूबाईंनी तवा उतरवला.

"समजण्यात येते म्हंजे काय? कोनं पाह्यलं?"

"पाह्यलं असं नाही लिहिलेलं."

"मंग कोनीतरी पाह्यलेलं आना. तवर माहा पोरगा हाये."

भटजींनी त्यांचीच बाजू घेतली. मरण कोणी पाहिलं असेल तर देह नसला तरी पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार करता येतो, पण नुसत्या बेपत्त्याची बारा वर्षं वाट पाहावी लागते, असं ते म्हणाले. बारा वर्षं! मी तेव्हा वीस वर्षांची. मॅट्रिक झालेली. नागपूरला शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा अर्ज वडिलांनी मागवून दिला होता, आणि त्यावर सासरच्या वडीलधाऱ्याची सही लागत होती. सासूबाई म्हणाल्या, "तो आला अन् घरात बायको नसन तं?" मामंजींनी सही न करता कागद परत दिला. अर्ज पेटीत गेला. पुढच्या वर्षी नवा मागवला, तोही गेला. मी कपाळाला कुंकू लावून, रोज एक भरलेलं ताट उचलून, कोणाची तरी बायको म्हणून त्या घरात वावरत होते. बारा वर्षांनी मी बत्तीस वर्षांची होणार होते, आणि मग कोणती शाळा मला शिकायला घेणार होती?

लढाई संपली, पलटण परतली. माझ्याजवळ ती जेवणाऱ्यांची वही होती. तीत एकोणीस नावं आणि एकोणीस गावं होती. मी एकोणीस पत्रं लिहिली, सगळ्यांत एकच प्रश्न: शेवटी त्यांना कोणी पाहिलं? चौदा उत्तरं आली. तेरांत साहेब देवमाणूस होते असं लिहिलं होतं. मला देवमाणूस नको होता, साक्षीदार हवा होता. शेवटाबद्दल त्या तेराजणांनी 'साहेब परत गेले, आले नाही' एवढंच लिहिलं. चौदाव्यानं, अकोल्याजवळच्या गावच्या किसन हवालदारानं, एकच ओळ लिहून घेऊन पाठवली होती: 'बाईसाहेब अकोल्यास माहेरी येतील तेव्हा भेटीन.'

मी पुढच्याच गाडीनं अकोल्याला गेले.

हवालदार उंच होता, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. खुर्ची दिली तर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. चहाला हात लावला नाही.

"आमी साहेब सोडून सव्वीस होतो बाईसाहेब," तो म्हणाला. "सकाळची वेळ, बांबूचं रान, धुकं. दुश्मन मांगंच होता, म्हनून आवाज काढाचा नव्हता. मधात नाला. दोर बांधला अन् एकेक जन पार झालो. साहेब त्या काठाले शेवटचे. मले पहिले पाठोलं अन् सांगतलं, समदे आले का मोजजो, पन हातानं सांगजो, तोंडानं नाही."

"मग?"

"नामदेवाले म्या दोराजवळ उभं केलं, खूण म्हनून. बाकीचे, मले धरून, पाच-पाच करून बसवले. पाच डाव पाच झाले, म्हंजे पंचवीस. म्या साहेबाले हातानं पाच डाव पाच दाखवले."

"आणि खुणेचा?"

"रोज तो सोता मने, 'अन् मी.' त्या दिवशी तोंडं बंद होती."

माझ्या वडिलांनी हातातला पेला खाली ठेवला. मी पुढचं विचारलं. विचारावंच लागणार होतं.

"साहेबानं एक बोट वर केलं. मने, एक कुठी हाये? म्या पुन्हा पाच डाव पाच दाखवले. मंग ते हसले अन् हात असा केला," त्यानं तळहात पुढे करून दाखवला, "अन् पलटले. तवाच नामदेवानं माह्या खांद्याले हात लावला, अन् सोताच्या छातीवर बोट ठेवलं."

"तुम्ही हाक मारली नाहीत?"

"मारली. तोंड बंद ठेवाचं होतं तरी मारली. नाल्याच्या आवाजात त्यायले आयकू गेली नाही. दुश्मनाले गेली."

मग गोळीबार सुरू झाला. लपटन वाटेच्या वळणावर होते. त्यांनी तिथूनच उलट गोळ्या झाडायला सुरुवात केली, त्यामुळे सगळा मारा त्यांच्याकडे वळला आणि इकडची माणसं चढण चढून गेली, असं हवालदार म्हणाला. "साहेब तिकडं नसते तं आमी सव्वीसच्या सव्वीस त्या नाल्यात राह्यलो असतो." हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून त्यानं जोडलं, ते मला आजही ठाऊक नाही. तो स्वतः दोर धरून अर्ध्या नाल्यापर्यंत परत गेला होता. बोटं तेव्हाच गेली.

"पाहिलंत?" मी विचारलं. "तुमच्या डोळ्यांनी?"

"पाह्यलं. वाटेवर पडले होते. डोळे उघडे होते. जीव नव्हता."

"मग हे तुम्ही सरकारला का सांगितलं नाहीत? दोन वर्षं झाली!"

"पडलेले पाह्यले असं सांगतलं असतं तं ते परत काहून गेले हेबी सांगा लागलं असतं. माह्यानं सांगनं झालं नाही, बाईसाहेब."

मला राग कोणाचा आला ते लिहिते. हवालदाराचा आला. त्याच्या न सांगण्यानं माझी दोन वर्षं गेली होती. पण त्याहून जास्त आला लपटनांचा. अहो, एकदा पुन्हा मोजायचं होतं! तो सव्विसावा माणूस दोराजवळ तुमच्यासमोर उभा होता. रीत तुमची, दोर तुमचा, माणूस तुमचा. इतकं धुकं होतं तर अर्धं मिनिट थांबायचं. पण थांबणं तुम्हाला कधी जमलं? आज मी मुलींचं वसतिगृह चालवते. सहलीला निघताना मी मुली एकदा पुढून आणि एकदा मागून मोजते, मुली एकमेकींना कोपरानं ढोसून हसतात. हसोत बापड्या.

मी कागद घेतला आणि हवालदाराची साक्ष लिहून काढली. माणूस मागे राहिला असं वाटून कॅप्टन एकटे परत गेले, त्यांनी शत्रूला अडवून धरलं, ते पडलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्यानं खाली नाव काढलं. मोजणीची चूक मी लिहिली नाही. दया म्हणून नव्हे. कागदावर मी तेवढंच लिहिते ज्याचं पुढे काही करता येतं, आणि त्या चुकीचं आता कोणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं.

अमरावतीला मामंजींनी तो कागद वाचून दाखवला. सासूबाई रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ज्याच्यासाठी गेला, तो वाचला का?"

"वाचला," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

"त्याले बोलाव."

"आत्याबाई, आता त्याला कशाला..."

"माह्या पोरानं त्याच्यासाठी जीव देल्ला. मी त्याले पाहीन, जेऊ घालीन, मंग भटजीले बोलवजो. त्याच्याआधी नाही."

झालं! एवढं करून मी होते तिथेच. आता मला असा माणूस आणायचा होता जो नव्हताच. दोन दिवस विचार केला आणि मग लक्षात आलं की तो आहे. जो कमी भरला तो एकच माणूस होता. हवालदाराकडून नामदेवाचं गाव कळलं होतं; मी मामंजींना सांगून चांदूर रेल्वेला गेले. नामदेव तिथून कोसभर अंतरावर वांगी, भेंडी आणि झेंडू पिकवायचा. मी कोण आणि सासूबाईंनी जेवायला बोलावलंय हे वाफ्याच्या कडेवरून सांगितलं, तेव्हा त्यानं वाफ्यात पाणी वळवायचं बारं अर्धवट सोडून दिलं आणि तसाच चिखलात उभा राहिला.

"बाई, मी कोनत्या तोंडानं येऊ?"

"जेवायला येताना असतं त्याच. सोमवारी या. आणि मोजणीचं काही बोलू नका."

"त्यायनं इचारलं तं?"

"त्या विचारणार नाहीत. त्यांना फक्त तुम्हाला पाहायचं आहे."

सोमवारी तो आला. धुतलेलं धोतर, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात वांग्यांचं गाठोडं. मामंजींनी त्याच्याशी दोन शब्द बोलून घेतले, अंग बरं नाही म्हणाले आणि शेजारच्या खोलीत जाऊन पडले. सासूबाईंनी त्याला पाटावर बसवलं, रोज मांडायच्या त्याच ताटात वाढलं. भाकरी, वरण, त्यानं आणलेल्या वांग्यांचीच भाजी. समोर बसून त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो मान खाली घालून जेवत होता. मी भाकरी करत होते आणि मनात म्हणत होते, आणखी दोन घास आणि सुटलो.

"बापू," सासूबाई म्हणाल्या, "तो तुह्याजवळ आला तवा काय मने?"

नामदेवाचा हात ताटातच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली, पण त्यानं आधीच नजर काढून घेतली होती.

"माय, भेट नाही झाली. ते मले तिकडं पाहून राह्यले, अन् मी इकडं उभा होतो."

"इकडं म्हंजे? नाल्याच्या ह्या काठाले?"

"हो माय."

"मंग तू मांगं राह्यलाच नव्हता."

"नाही माय. मोजताना मीच सुटलो."

तव्यावरची भाकरी करपली, ती मला काढायची सुचली नाही. मला वाटलं, आता या त्याला उठवतील. किंवा मला. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या ताटाकडे.

"त्याले कोनी हाक नाही मारली?"

"मारली माय. त्यायले आयकू नाही गेली."

"नाहीच गेली असन," सासूबाई म्हणाल्या. "लहानपनापासून असाच. एकदा निंगाला का हाक नाही, काही नाही." त्यांचा आवाज चढला होता, जसा तो लपटन घरी असताना चढायचा. "मी थकली सांगू सांगू. पुरतं पाहाचं नाही, आयकाचं नाही, नुसता पयाचा!" मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी चांगली भाकरी दिली. ती त्यांनी नामदेवाच्या ताटात वाढली. "तू खाय बापू. तुहा काय कसूर? तू त जागेवर उभा होता."

नामदेव ती भाकरी रडत रडत जेवला. त्यांनी त्याला मध्येच उठू दिलं नाही.

तो गेल्यावर त्यांनी ताट स्वतः घासलं, पुसलं आणि फळीवर बाकीच्या ताटांत ठेवून दिलं.

"भटजीले उद्याचा निरोप धाड," त्या म्हणाल्या. "पळसाची पानं मळ्यातून आनाले सांग." मग हात पुसत माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुह्या त्या नागपूरच्या कागदावर सही कोनाची लागते?"

"मामंजींची."

"मंग काढ पेटीतून. उठव त्यायले, निजले असन."

मी अर्ज आणि टाक घेऊन शेजारच्या खोलीत गेले. मामंजी निजले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि मी हाक मारायच्या आधीच त्यांनी कागदासाठी हात मागे केला.